बीडीएससाठी नीट : जागरणाने गुण वाढतात का?

दंतवैद्यकाच्या म्हणजे बीडीएसच्या प्रवेशासाठी वेगळी परीक्षा नसते. एमबीबीएसची मुले देतात तीच नीट-यूजी तुमच्या मुलालाही द्यावी लागते. रेवसहून अलिबागला क्लाससाठी जायचे तर एसटीतच बराच वेळ जातो. तो भरून काढायला मग रात्रीची झोप कमी केली जाते. परीक्षेचे स्वरूप बदलल्यानंतर ही काटकसर अधिकच महागात पडते.

काय बदलले?

२०२२ ते २०२४ या काळात २०० पैकी १८० प्रश्न निवडून सोडवायचे असत आणि त्यासाठी २०० मिनिटे मिळत. २०२५ मध्ये निवडीची सोय गेली. आता १८० प्रश्न आणि १८० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. येत असलेले उत्तर घाईत चुकले, तर ५ गुणांचा फरक पडतो. झोप अपुरी असली की लक्ष उडते आणि नेमक्या अशाच चुका होतात. शिवाय दिवसा वाचलेले झोपेतच पक्के होते.

अभ्यास कसा करावा?

• १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. झोपेची वेळ आधी ठरवा, उरलेल्या वेळात अभ्यास बसवा.
• ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत. एनसीईआरटीचा धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा आठवा. हे काम एसटीतही होते.
• २०२५ ची परीक्षा दुपारी २ ते ५ या वेळेत झाली. सराव परीक्षा मुख्य परीक्षेच्याच वेळेला द्या. जेवणानंतरची सुस्ती तेव्हाच लक्षात येईल.
• संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. जागे राहण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पालकांनी काय पाहावे?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा आणि कोचिंग क्लासने गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, असे त्यात आहे. क्लास निवडताना फीसोबत हेही विचारा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, भूक मंदावणे, कोणाशी न बोलणे, वरचेवर पोट किंवा डोके दुखणे असे काही दिसले तर ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल तर त्याला एकटे ठेवू नका आणि लगेच मदत घ्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतूनही.

नीट पुढच्या वर्षीही देता येते. मुलाची तब्येत मात्र आजच सांभाळायला हवी.