तालीम : दोन्ही अर्थांनी

'बाईने वजने उचलली की तिचा मर्द होतो', हे वाक्य आम्ही जऊळक्यात शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकतो. उन्हाळ्यात त्यांच्याच घरची बाई डोक्यावर 15 लिटरचा हंडा घेऊन येते. 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो वजन. तेव्हा मात्र ती मर्द होताना कुणालाच दिसत नाही! म्हणजे आक्षेप वजनाला नाही. बाईने ते स्वतःसाठी उचलण्याला आहे.

पुरुषासारखे स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या शरीरात फारच थोडे असते. वजनाच्या व्यायामाने तिचे स्नायू बळकट होतात, हाडे मजबूत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सांगितला. आणि आमची स्थिती काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या.

काहीजण दीनाचा हवाला देतात. कमजोर मोमिनापेक्षा ताकदवान मोमीन अल्लाहला अधिक प्रिय, ही हदीस मग फक्त पुरुषांसाठी आहे काय? हजरत आयेशा पैगंबरांसोबत धावण्याची शर्यत लावत, हे आम्ही मुलींना का सांगत नाही? हयेचा प्रश्न असेल तर केरळच्या मजीझिया भानूकडे पाहा. दंतवैद्यकाच्या या विद्यार्थिनीने 2018 मध्ये कोचीत हिजाब घालून शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकली. अंगावर काय घालायचे हे तिने ठरवले आणि ताकदही कमावली.

हे काही आजचे खूळ नव्हे. 1954 मध्ये बडोद्यात हमीदा बानोने बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केले. कोल्हापुरात तिने पुरुष मल्लाला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी दगड मारले. पुण्यातली तिची कुस्ती तर होऊच दिली नाही. पुढे कल्याणला दुधाचा धंदा करून ती जगली. बाईच्या हरण्याला टाळ्या आणि जिंकण्याला दगड, हा आमच्या समाजाचा न्याय!

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आम्ही शिक्षिका तरी कुठे निर्दोष आहोत? खेळाच्या तासाला मुले मैदानात जातात आणि मुलींना आम्ही वह्या लावायला, वर्ग झाडायला बसवतो. सातवीतली मुलगी धावली की 'आता तू मोठी झालीस' असे आम्हीच म्हणतो. ही चूक आमची आहे.

सुरुवातीला जिम लागत नाही. आधी रक्त तपासून घ्यावे. दुखणे वा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारावे. मग आठवड्यातून तीन दिवस, दार लावून अर्धा तास. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून दंड, पिशवीत 5 किलो गहू भरून उचलणे. पाठ ताठ ठेवावी. दहा वेळा सहज जमले की बारा करावे, मग वजन किलोभर वाढवावे. मध्ये एक दिवस विसावा हवाच, कारण स्नायू विश्रांतीत भरतात.

आणि खाणे! आमचा वाशीम जिल्हा सोयाबीन पिकवतो. 100 ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे 36 ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात 6. सोयाबीन बाजारात जाते, अंडे मुलाच्या ताटात आणि आईच्या वाट्याला तळाशी उरलेले वरण. ज्या घरात बाई सर्वांत शेवटी जेवते तिथे व्यायामाआधी ताट बदलावे लागेल.

पुढे कुणाला स्पर्धेत उतरावेसे वाटले तर ते तिने ठरवावे. मोहल्ल्याने नव्हे.

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे आखाडा. मुलींना पहिली तालीम मिळावी म्हणून आमच्या आया भांडल्या. दुसरीसाठी आता आम्हाला भांडायचे आहे, आणि सुरुवात आमच्याच शाळेतल्या खेळाच्या तासापासून करायची आहे.