पहाट, ट्रायपॉड आणि बिडकीनचं वावर

शनिवारी पहाटे सव्वाचारला क्रांती चौक कसा दिसतो, बघितलंय कधी? मीही नव्हता बघितला. म्हणजे मित्राच्या हळदीवरून परतताना रात्रीचे अडीच-तीन वाजलेत, पण ते वेगळं. तेव्हा आपण झोपायला चाललेलो असतो. इथं तर मी चक्क आंघोळ करून, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग लटकवून उभा होतो. वीकेंडला! घरातल्यांना वाटलं, पोराचं ऑफिसात काहीतरी बिनसलंय.

झालं असं की, व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड आलं. लँडस्केप फोटोग्राफीचं दोन दिवसांचं वर्कशॉप, सुलीभंजन, दौलताबाद आणि अजिंठा. माझ्याकडे कॅमेरा आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेऊन दिलेला. सात वर्षं झाली. या सात वर्षांत तो ऑटो मोडवरून हललेला नाही आणि त्याने फक्त वाढदिवस, बारसं आणि गोवा बघितलाय. म्हटलं, चला, एकदा शिकूनच घेऊ.

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही चौदा जण. वाळूजच्या कंपन्यांतले तिघे, एक डेंटिस्ट, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक काका, बँकेतल्या एक मॅडम, कॉलेजची दोन पोरं आणि बाकी माझ्यासारखे 'काय म्हणतात बघू' पार्टी. गाडी छावणीपर्यंत पोचायच्या आत लेन्स बाहेर निघाल्या. कुणाकडे सत्तर-दोनशे, कुणाकडे फुल फ्रेम. माझी किट लेन्स मी बॅगेतच ठेवली. चारचौघांत कशाला?

पुण्याहून आलेले सर मात्र खिडकीला डोकं टेकवून मस्त झोपले होते.

सुलीभंजनला पोचलो तेव्हा अंधार. खुलताबादजवळची ही टेकडी, वर दत्ताचं मंदिर. एकनाथ महाराजांनी इथं तप केलं असं मानतात. आम्ही चौदा ट्रायपॉड पूर्वेकडे तोंड करून रांगेत मांडले आणि सूर्याची वाट बघत बसलो. सिटी बसची बघतो तश्शी. सहा वाजले, सव्वासहा झाले, साडेसहा झाले. ऑगस्टचे ढग! सूर्य काही आलाच नाही. डेंटिस्टने सरळ कॅमेरा पॅक करायला घेतला.

तेव्हा सर पहिल्यांदा नीट बोलले. 'सूर्य आला नाही, उजेड तर आलाय ना? जरा मागे वळून बघा.'

मागे वळलो. रात्रभराच्या पावसाने काळा दगड ओला होऊन चमकत होता. गवताच्या टोकांवर थेंब. ढगामुळे सावल्या नाहीत, त्यामुळे हिरव्या रंगाच्याच पंधरा-वीस छटा वेगवेगळ्या दिसत होत्या. हे सगळं गेला तासभर आमच्या पाठीशी होतं. आणि चौदा शहाणे पूर्वेला तोंड करून बसलेले!

बाकी तांत्रिक फंडे त्या सकाळी भराभर कळले. माझा ट्रायपॉड वाऱ्याने थरथरत होता, कारण मी मधली दांडी पूर्ण वर काढली होती. ती खाली घ्यायची, उंची हवी तर पाय लांब करायचे आणि खाली बॅग लटकवायची. बोटाने शटर दाबलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर आयएसओ शंभरवर ठेवून शटर खुशाल सावकाश चालू द्यायचं. आणि अंधारात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना ती जास्तच उजळ वाटते, घरी येऊन बघावं तर फोटो काळाकुट्ट. त्यापेक्षा हिस्टोग्राम बघायचा. तो आलेख मला आजवर शेअर बाजारासारखाच वाटायचा, म्हणजे दुसऱ्यांसाठी असलेला.

पण वर्कशॉप खरं सुरू झालं ते दौलताबादला.

घाट उतरून खाली आल्यावर सरांनी एका शेताच्या बांधावर, मालकाला विचारून, आम्हाला उभं केलं. समोर देवगिरी, बाजूला चाँदमिनार. किल्ल्यात गेलो नाही. तिथं ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि सरांना तसंही लांबूनच बघायचं होतं. म्हणाले, 'एक तास इथंच थांबायचं. पूर्ण तासात प्रत्येकाने फक्त तीन फोटो काढायचे. खोडायचे नाहीत.'

तीन? अहो, मी हॉटेलात डोसा आला तरी सात काढतो!

देवगिरी मी शंभरदा बघितलाय. शाळेची सहल, पाहुणे आले की सहल, पाहुण्यांचे पाहुणे आले की सहल. त्यामुळे बघण्यासारखं काय उरलंय, असं म्हणत मी पहिल्या चार मिनिटांत तिन्ही फोटो उडवून मोकळा झालो. किल्ला बरोब्बर मधोमध. आता उरलेली छप्पन्न मिनिटं काय करणार? मोबाईल काढला, तर रेंज नाही. नाइलाजाने समोर बघत बसलो.

आणि मग दिसायला लागलं. डोंगराचा खालचा भाग उभा तासून काढलाय, हे पुस्तकात वाचलेलं. पण तो तासलेला कडा आणि वरचा नैसर्गिक उतार यांची रेषा किती सरळ आहे, ते आत्ता दिसलं. यादवांच्या काळात, आठशे वर्षांपूर्वी, ही राजधानी होती. मग ढग फाटले. उन्हाचा एक ठिपका शेतांवरून सरकत निघाला. चाँदमिनारवर आला तेव्हा किल्ला सावलीत, किल्ल्यावर चढला तेव्हा मिनार सावलीत. पंधराव्या शतकातला मिनार आणि त्याआधीचा किल्ला जणू पाळीपाळीने हजेरी देत होते. चाळिसाव्या मिनिटाला दोन्हींवर एकदम ऊन पडलं, मागे जांभळा-काळा ढग. सॉलिड! दहा-बारा सेकंदांचा खेळ.

माझे तीनही फोटो संपलेले. च्यायला!

माझ्या शेजारी बँकेतल्या मॅडम होत्या. त्यांनी तोवर एकही काढला नव्हता. तो उजेड पडला तरी त्या किल्ल्याकडे बघतच नव्हत्या. बांधावरच्या सीताफळाच्या झुडपात वाकून काहीतरी करत होत्या. मला वाटलं, कानातलं पडलं असेल.

रात्री हॉटेलच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून चौदा जणांचे देवगिरी एकापाठोपाठ एक दाखवले. यापेक्षा अप्रेझल परवडलं. फुल फ्रेमवाल्याचा फोटो जरा मऊ, धूसर आला होता. त्याने सगळं शार्प यावं म्हणून अॅपर्चर थेट एफ २२ ला नेलेलं. सरांनी समजावलं की, छिद्र फार बारीक केलं की प्रकाश कडांवरून वाकतो आणि सगळंच थोडं थोडं पुसट होतं. लँडस्केपला एफ ८ ते एफ ११ बहुतेक वेळा पुरे. दीड-दोन लाखांचा कॅमेरा, आणि धडा फुकटातला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग माझा आला. शार्प होता. सरळ होता. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'छान आहे. कुठून काढलाय ते कळतं. पण तुम्ही तिथं काय बघत होतात?'

मला उत्तर देता येईना. खरं उत्तर 'काही नाही' असं होतं.

मॅडमचा फोटो शेवटचा. सीताफळाची ओली पानं, बोटाच्या पेराएवढी हिरवी फळं आणि त्यांच्या फटीतून कोपऱ्यात, एवढासा देवगिरी. सगळे गप्प. मॅडम जरा लाजून म्हणाल्या, 'माझं आजोळ इथलंच. आजी सीताफळं तोडायची आणि आम्ही झाडाखाली बसायचो. किल्ला मला असाच दिसायचा.' त्यांचा कॅमेरा सगळ्यांत जुना होता.

रविवारी अजिंठा. लेण्यांत नाही, समोरच्या पठारावरच्या व्ह्यू पॉइंटवर. वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखं वळण घेते आणि त्या वळणावर लेणी ओळीने खोदलेली. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीला आला असताना ती दिसली, हे आपल्याला शाळेपासून पाठ. पण सरांनी सांगितली रॉबर्ट गिलची गोष्ट. ना. धों. महानोरांच्या दीर्घकवितेवरून नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ मध्ये केलेला 'अजिंठा' बघितला असेल, तर गिल आणि पारो आठवतील. प्रेमकथा बाजूला ठेवा. मद्रास लष्करातल्या या माणसाला १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायचं काम मिळालं. तो पुढे वर्षानुवर्षं इथंच राहिला, भल्यामोठ्या कॅनव्हासवर एकेक चित्र उतरवत. ती चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळून गेली. एवढी वर्षं, खल्लास!

पण गिल मध्येच फोटोग्राफीही शिकला होता. तेव्हाची फोटोग्राफी म्हणजे काचेच्या जड प्लेटा, रसायनं आणि लवाजमा. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनबरोबर त्याने काढलेल्या पुस्तकांत ते फोटो छापले गेले. दगडी खांबांवर तेव्हा ऊन कसं पडायचं, ते आजही त्यात बघता येतं. सर एवढंच म्हणाले, 'त्याला काय माहीत होतं, काय टिकणार आणि काय जळणार!' आणि चहा प्यायला निघून गेले.

परतताना गाडीत होमवर्क मिळालं. घरापासून जवळची, आपली म्हणावी अशी एक जागा निवडायची. एकाच ठिकाणी ट्रायपॉड लावून चार वेगवेगळ्या वेळी तिचे फोटो काढायचे. पोरं म्हणाली, मकबरा. डेंटिस्ट म्हणाला, सलीम अली सरोवर. मी म्हटलं, आमचं वावर.

म्हटलं खरं. मग आठवलं की वावर आता नाहीये.

बिडकीनच्या बाजूला आमची साडेचार एकर होती. कापूस, तूर आणि एका कडेला अण्णांनी लावलेली मोसंबी. सगळी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. मोबदला चांगला मिळाला, तक्रार नाही. त्यातूनच सिडकोत फ्लॅट झाला, बहिणीचं लग्न झालं. पैसे आले त्या आठवड्यात अण्णांनी विचारलं होतं, 'तुला काय पाहिजे?' मी म्हटलं, कॅमेरा.

रविवारी रात्री हार्ड डिस्क उघडली. अकरा हजार चारशे फोटो. त्यात वावराचा किती? एक. तोही वावराचा नाही, माझ्या नव्या बाइकचा. जमीन ताब्यात जायच्या आधीच्या दिवाळीत मी बाइक बांधावर उभी करून काढलेला. बाइक एकदम शार्प. मागे हिरवा-करडा धूसर पट्टा, म्हणजे अण्णांची मोसंबी. पार्श्वभूमी मस्त ब्लर झाली म्हणून तेव्हा मी सगळ्यांना दाखवत सुटलो होतो.

तो फोटो मी अण्णांना दाखवला नाही.

पुढच्या रविवारी पहाटे पाचला अण्णांना म्हटलं, चला, बिडकीनला जाऊन येऊ. त्यांनी कशाला वगैरे विचारलं नाही. टोपी घातली आणि गाडीत बसले. तिथं आता भलेमोठे रस्ते आहेत, दुतर्फा दिव्यांचे खांब, नंबर टाकलेले प्लॉट. मला आमची जमीन कुठून कुठपर्यंत होती, ते कळेना. अण्णा मात्र गाडीतून उतरून सरळ चालत गेले आणि एका खांबापाशी थांबले. 'विहीर इथं व्हती,' म्हणाले. मग पंचवीस-तीस पावलं मोजली. 'अन् इथून मोसंबी.' तिथं फुटपाथ होता. त्याच्या काठावर ते बसले.

मी ट्रायपॉड लावला, मधली दांडी खाली ठेवून, बॅग लटकवून. अण्णा बघत होते.

'काढ ना. काहून थांबला?'

'उजेड येऊ द्या, अण्णा.'

'मंग तोंड तिकडं कर. पावसाळ्यात दिवस त्या पाण्याच्या टाकीच्या अंगानं निघतो. टाकी नव्हती तव्हा तिथं बाभूळ व्हती.'

मी कॅमेरा वळवला. खरोखर तिथूनच निघाला. तीन फोटो काढले, तासाभरात. पहिल्यात दिव्याच्या खांबाने आभाळाचे दोन तुकडे केलेत. दुसऱ्यात अण्णा हललेत, मागे काहीतरी दाखवत होते. तिसरा बरा आहे. रिकामा प्लॉट, गवत, टाकीआडून आलेला उजेड आणि फुटपाथवर टोपीतला माणूस, फ्रेमच्या एका कडेला.

होमवर्कातला एक झाला, तीन राहिलेत. परवा अण्णांनी रात्री साडेनऊलाच माझ्या खोलीत डोकावून विचारलं, 'उद्या ढग असतील म्हणते टीव्हीवर. ढगात चालतंय का तुझं?'

गजर साडेचारचा लावलाय.