रक्ताच्या नात्यापलीकडे

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषध जगात कोठेच नव्हते. त्यामुळे अमाप संपत्तीही निरुपयोगी ठरली. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन झाला आणि १९४१ मध्ये परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. औषध आहे, ज्ञान आहे, तज्ज्ञ आहेत. तरीही अनेक घरे ही लढाई हरतात. ती का हरतात, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही.

वैद्यकाने आपली बाजू बरीच राखली आहे. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने मुलांमधील हा रोग काही काळ तरी मागे हटतो, हे दाखविले. परळच्या रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी एका बालिकेवर अस्थिमज्जा-रोपण केले; देशातील तो पहिला प्रयोग होता. रक्ताच्या कर्करोगाचा एक जुनाट प्रकार आता रोजच्या गोळीने वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या गोळीवरील पेटंटचा दावा फेटाळल्याने स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग निर्वेध राहिला. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा तीव्र प्रकार तर योग्य उपचारांनी बहुतांशी बरा होतो.

परंतु हे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात, आणि खरी कसोटी येथेच लागते. लातूर वा गडचिरोलीचे कुटुंब पहिले काही महिने मुंबईतच अडकून पडते. एकाची नोकरी वा मजुरी सुटते, धाकटे भावंड मावशीकडे जाते, शेत बटाईने दिले जाते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर भाग्य. न मिळाल्यास परळचा पदपथ आहेच. शासकीय योजना रुग्णालयाचा खर्च बऱ्याच अंशी उचलते, रेल्वे भाड्यात सवलत देते. पण बुडालेला रोजगार आणि खोलीचे भाडे कोणत्याही योजनेच्या रकान्यात बसत नाही. पहिल्या महिन्याअखेर तपासणीत रक्त स्वच्छ दिसते, मूल हसू-खेळू लागते, आणि खचलेले घर गावी परतते ते पुन्हा येत नाही. दडून राहिलेला रोग मात्र परत येतो. अशा वेळी पालकांच्या अज्ञानाला दोष देणे सोपे असते. त्यांची शिदोरी संपली होती, हे कोणी विचारात घेत नाही.

दुसरी अडचण रक्ताची. उपचारांच्या काळात रुग्णाला वारंवार रक्त आणि प्लेटलेट लागतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. त्यातच, पुढे रोपणाची शक्यता असेल तर जवळच्या नातलगांचे रक्त शक्यतो टाळावे लागते. म्हणजे ज्या घटकेला आई-बाप आपले रक्त आटवावयास तयार असतात, त्याच घटकेला त्यांना परक्यांच्या दारी उभे राहावे लागते. सहकारी, शेजारी, अठरा वर्षांवरील निरोगी विद्यार्थी हेच त्या रुग्णाचे खरे सोयरे ठरतात.

आपला समाज निर्दय नाही; पण त्याची सहानुभूती समाचाराच्या रूपाने प्रकट होते. रुग्णाची प्रतिकारशक्ती तळाला गेलेली असताना फुले-फळे घेऊन खोलीत गर्दी करणे हे प्रेम असले, तरी त्यातून संसर्गाचा धोका संभवतो. उलट हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे ठाऊक असूनही काही घरांत वेगळे भांडे ठेवले जाते. रुग्णापासून रोगाचे नाव लपविण्याचा अट्टाहासही असाच. दहा वर्षांच्या मुलालाही वॉर्डातील शेजारच्या खाटेवरून सारे कळते. मग त्याला आपली भीती एकट्याने सोसावी लागते. त्याच्या वयाला झेपेल एवढे सत्य त्याला आईच्याच तोंडून कळलेले बरे.

हे सारे शासनाने पाहावे, असे कोणी म्हणेल. शासनाने पाहावेच. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून अज्ञान अपत्यासाठी १८० दिवसांची संगोपन रजा मिळू लागली. परंतु पती अथवा वृद्ध पिता या रोगाने अंथरुणाला खिळला तर ही रजा उपयोगी पडत नाही. विनाअनुदानित शाळेतील शिक्षक आणि कंत्राटी कारकून यांची अवस्था तर याहूनही बिकट. शुश्रूषेसाठी सवेतन रजेचा नियम सर्वांना लागू होणे, हीच न्याय्य मागणी आहे.

मात्र शासननिर्णय निघेपर्यंत रोग थांबत नाही. सहकाऱ्याचे तास वाटून घेण्यास, कचेरीत रक्तदात्यांची यादी तयार ठेवण्यास, आजारी विद्यार्थ्याचा अभ्यास घरी पोहोचविण्यास कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. मेहेरबाईंच्या काळी माणसे हतबल होती, कारण उपायच नव्हता. आजच्या समाजाला ती सबब उरलेली नाही.