कोआला कडेवर घ्यायचाच आहे?

डिसेंबर जवळ आला की मेलबर्नमधल्या मराठी घरांत पाहुण्यांचा सीझन सुरू होतो. कोणाचे आईबाबा, कोणाची मामेबहीण, कोणाच्या शेजारच्या काकू. व्हिसा झाला, तिकिटं झाली, लोणचं विमानतळावर सुटेल की डिक्लेअर करावं लागेल ही चर्चा झाली (करावंच लागेल, वाद घालू नका), की पुढचा प्रश्न ठरलेला. "तिथे कोआला कडेवर घेऊन फोटो काढता येतो ना?"

नाही येत. व्हिक्टोरिया राज्यात पर्यटकांना कोआला उचलू देत नाहीत. सिडनीच्या बाजूला न्यू साउथ वेल्समध्येही नाही. जवळ उभं राहा, बघा, फोटो काढा, पण कडेवर नाही. हे सांगितलं की पलीकडे जरा शांतता पसरते आणि मग ते वाक्य येतं, "मग एवढे डॉलर भरून त्या वाइल्डलाइफ टूरला जायचं कशाला?"

या 'कशाला' वर माझं डोकं फिरतं. तेव्हा आज जरा सविस्तर भांडून घेते.

आधी त्या कोआलाचं बघू. हा अस्वल वगैरे काही नाही, पोटाला पिशवी असलेला प्राणी. खातो निलगिरीची पानं. ही पानं म्हणजे अन्न कमी आणि विष जास्त असा प्रकार. ते विष पचवायचं आणि त्यातून थोडीफार ताकद काढायची, तर बाकी हालचाल बंद ठेवावी लागते. म्हणून हा गडी दिवसातले अठरा ते वीस तास झोपतो. आपल्याला वाटतं काय गोड, काय शांत! तो शांत नाही हो, तो काटकसर करतोय. त्याला दर दोन मिनिटांनी एका नव्या माणसाच्या छातीला चिकटवायचं, समोर कॅमेरा, आजूबाजूला शंभर माणसांचा कलकलाट, आणि तो हलत नाही म्हणून 'त्याला आवडतंय' असं आपणच ठरवायचं.

क्वीन्सलंडमध्ये कायदा याला परवानगी देतो. पण अटी बघा: एका कोआलाला दिवसात तीस मिनिटांपेक्षा जास्त हाताळायचं नाही, आणि सलग तीन दिवस झाले की एक दिवस सुट्टी. आनंदाने केलेल्या कामाला अशी घड्याळं लावावी लागत नाहीत. २०१४ मध्ये ब्रिस्बेनला जी-२० परिषद भरली, तेव्हा ओबामा आणि पुतिन दोघांनीही कोआला हातात घेऊन फोटो काढले. त्या फोटोंनी जगभर जी जाहिरात केली ती कुठल्या पर्यटन खात्याला पैसे देऊन करता आली नसती. आपल्या काकूंना हौस वाटली तर त्यांचा काय दोष?

त्याच ब्रिस्बेनमध्ये लोन पाइन म्हणून कोआलांचं जुनं, जगप्रसिद्ध ठिकाण आहे. १९२७ साली सुरू झालं. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्याच १९२७ मध्ये क्वीन्सलंड सरकारने कोआलाच्या शिकारीला महिनाभर मोकळीक दिली होती. कातड्यांसाठी. त्या एका महिन्यात पाच लाखांहून जास्त कोआला मारले गेले. एकीकडे लाखोंनी कातडी सोलायची आणि दुसरीकडे तिकीट लावून लाड करायचे. त्या लोन पाइनने २०२४ मध्ये कडेवर घेऊन फोटो काढणं बंद केलं. जवळजवळ शंभर वर्षं ज्यावर नाव कमावलं तेच बंद केलं! आणि आपण अजून विचारतोय की क्वीन्सलंडला कनेक्टिंग फ्लाइट किती पडेल.

(२०२२ पासून क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेराच्या परिसरातला कोआला अधिकृतपणे 'धोक्यात आलेला' प्राणी आहे. जंगलतोड, वणवे, रोग, मोटारी, कुत्रे, अशी कारणं आहेत. कडेवर घेतल्याने कोआला संपत चाललेला नाही, तसं म्हणणं खोटं होईल. माझं भांडण वेगळं आहे.)

आता यावर ठरलेलं उत्तर येतं. "अगं, ते पार्कातच जन्मलेले असतात, त्यांना सवय असते." असेल. आणि पिंजऱ्यातली सगळीच ठिकाणं वाईट असंही मी म्हणत नाही. मेलबर्नपासून तासाभरावरच्या हिल्सव्हिल सँक्चुअरीत १९४३ मध्ये प्लॅटिपसचं पिल्लू जन्माला आलं, बंदिवासात जगात पहिल्यांदा. जंगलातला प्लॅटिपस म्हणजे पहाटे पाण्यावर एक बुडबुडा दिसतो आणि 'तोच होता' असं मानून घरी यायचं असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसांनी तो हिल्सव्हिलला काचेमागे बघावा, त्यात काही कमीपणा नाही. पण काचेमागे बघणं आणि अंगावर घेणं यात फरक आहे. पहिल्यात आपण त्याच्याकडे बघतो. दुसऱ्यात आपण आपल्याकडेच बघतो, तो फक्त मफलरसारखा गळ्यात असतो.

आणि ही सवय पार्काच्या दारापाशी थांबत नाही, हे खरं दुखणं. सिडनीच्या उत्तरेला मॉरिसेट नावाच्या गावी मोकळ्या मैदानात कांगारू असतात. लोकांनी त्यांना गाजरं, चिप्स, बर्गर खायला घालून इतकं लाडावलं की २०१८ च्या सुमाराला गाजराच्या पिशवीसाठी कांगारू माणसांवर धावून जायला लागले, माणसं रक्तबंबाळ झाली. बातम्यांत कांगारू 'हल्लेखोर' ठरले. गाजरं विकत घेऊन नेणारे कोण, तर 'पर्यटक'.

क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या क'गारी बेटावर (२०२३ पर्यंत अधिकृत नाव फ्रेझर आयलंड) तर याहून वाईट झालं. तिथल्या डिंगोंना, म्हणजे रानकुत्र्यांना, माणसांकडून खाणं मिळायची सवय लागलेली. २००१ मध्ये त्यांनी नऊ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. त्यानंतर सरकारने तीसहून जास्त डिंगो मारले. एक मूल गेलं, तीस जनावरं गेली. आणि तरीही २०२३ मध्ये डिंगोंजवळ आडवं होऊन सेल्फी काढल्याबद्दल दोन बायकांना प्रत्येकी दोन हजारांहून जास्त डॉलर दंड झालाच. २०२५ च्या मार्चमध्ये एका परदेशी बाईने रात्री रस्त्याकडेच्या वॉम्बॅटचं पिल्लू आईपासून उचललं, पळत गाडीपाशी आणलं, मागून आई धावतेय, आणि हे सगळं हसत हसत व्हिडिओत. देश इतका खवळला की पंतप्रधान अल्बनीजींनी तिला सुचवलं, आता मगरीचं पिल्लू आईजवळून उचलून बघ. या सगळ्यांना जनावराचा राग नव्हता. सगळ्यांना ते फार 'क्यूट' वाटत होतं. क्यूट वाटण्यातच गडबड आहे.

म्हणून म्हणते, डे टूरवर गाइडला पैसे देतो ते जनावर जवळ आणून देण्यासाठी नाहीत. आपल्याला लांब ठेवण्यासाठी आहेत. हे ज्याला पटत नाही त्याने खुशाल मॉलमध्ये जाऊन सॉफ्ट टॉय आणावं. कडेवर घ्या, पापा घ्या, कोणी काही बोलणार नाही.

आणि लांबून काही दिसत नाही हे कोणी सांगितलं? जिलाँगजवळ यू यांग्ज म्हणून खडकाळ टेकड्या आहेत. तिथे मेलबर्नहून टूर घेऊन जाणाऱ्यांच्या १९९८ मध्ये लक्षात आलं की प्रत्येक कोआलाच्या नाकपुड्यांवरच्या फिकट डागांची नक्षी वेगळी असते, आणि ती बदलत नाही. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. तेव्हापासून त्यांना तिथला एकेक कोआला नावाने माहीत आहे, कुठल्या झाडावर बसतो, कोणाची मुलगी, यंदा पिल्लू झालं की नाही. गाइड दुर्बीण देतो, आपण वीसेक फूट वर बघत मान मोडून घेतो, आणि हळूहळू त्या राखाडी गाठोड्याला एक चेहरा येतो. मग तो गाइड काय करतो माहितीये? तण उपटायला लावतो! बोनसीड नावाचं दक्षिण आफ्रिकेतून आलेलं झुडूप तिथे माजलंय, त्याने देशी झाडांची जागा खाल्लीय. माझ्याबरोबर गाडीत असलेले एक गृहस्थ खवळले होते. "पैसे आम्ही भरायचे आणि वर निंदणी पण आम्हीच करायची?" त्यांच्या बायकोने तोवर चार झुडपं मुळासकट काढली होती आणि पाचव्याला हात घातला होता. गावाकडचा हात, ओळखू येतो.

देशी प्राणी बघायचे म्हणजे त्यांची जागा बघायची, एवढं साधं आहे. वॉर्नमबूलजवळ टॉवर हिल म्हणून विझलेल्या ज्वालामुखीचं खोरं आहे. इमू, कांगारू, कोआला सगळे मोकळे. (मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे हाडांचा खुळखुळा होतो, मुक्काम करा.) गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते खोरं चराई, शेती करून बोडकं करून टाकलं होतं. १९६० च्या दशकात तिथे पुन्हा झाडं लावायचं ठरलं. पण कुठली? तर ऑयगेन फॉन गेरार्ड या चित्रकाराने १८५५ मध्ये त्या खोऱ्याचं चित्र काढलं होतं, इतकं बारीक की कुठे काय उगवलेलं हे ओळखता येतं. ते चित्र समोर ठेवून लोकांनी जंगल परत लावलं. हे कळल्यावर समोरून चालत जाणारा इमू वेगळा दिसतो की नाही सांगा. त्याला शेंगदाणे भरवण्याची गरज वाटत नाही.

फिलिप आयलंडचं उदाहरण तर आपल्या लोकांना पटकन समजावं, कारण त्यात जमीन आहे! पेंग्विन बघायला सगळे जातात. फूटभर उंचीचे, अंधार पडला की समुद्रातून थव्याने वर येतात. त्या पेंग्विनांच्या घरट्यांच्या भागात माणसांची वस्ती होती, समरलँड इस्टेट. प्लॉट पाडलेले, बंगले उभे, समोर समुद्र. १९८५ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की हे सगळं विकत घ्यायचं आणि पेंग्विनांना परत द्यायचं. २०१० पर्यंत शेवटचं घरसुद्धा घेतलं. सी-फेसिंग प्लॉट, पक्ष्यांसाठी! आपल्याकडे हे सांगितलं तर लोक सातबारा दाखवा म्हणतील. बाहेरून आणलेले कोल्हे पेंग्विन मारायचे, तेही वर्षानुवर्षं शोधून काढले, २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त जाहीर झालं. आणि एवढं केलेल्या ठिकाणी आपली मंडळी काय तक्रार करतात? "फोटो काढू देत नाहीत."

नाहीच देत. फ्लॅशने ती पाखरं बिथरतात, आणि फ्लॅश बंद कसा करायचा हे निम्म्या लोकांना येत नाही, म्हणून सरसकट बंदी. तरी मोबाइल निघतातच.

आपल्या घरचंही सांगते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडलात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या मध्ये कोंडले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हर निलंबित झाले. पण "अजून थोडं पुढे घे रे, टिप देतो" म्हणणारा जिप्सीत मागेच बसलेला असतो. त्याला कोण निलंबित करणार? तोच माणूस पुढच्या वर्षी मेलबर्नला येतो आणि गाइडला एक स्टार देतो, कारण कांगारू लांब होते.

तेव्हा यंदा येणाऱ्यांनी टूरचं पत्रक नीट वाचा. 'हातात घ्या', 'खायला घाला', 'दिसण्याची हमी' असं लिहिलं असेल तर ते पान उलटा. गाइड नाही म्हणाला तर वाद घालू नका, टिप त्यालाच द्या. आणि फिलिप आयलंडला जाताना जानेवारी असला तरी जाड जर्किन आणि कानटोपी घ्या. उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत पेंग्विन येत नाहीत आणि तोवर दक्षिणेकडून जो वारा सुटतो त्यात आपल्या पुण्याच्या स्वेटरचं काही चालत नाही.