स्वस्त गोळीची महाग सवय

पावसाळा सुरू झाला की मुळशी खोऱ्यातील ओढे-विहिरींचे पाणी गढूळ होते आणि त्यामागोमाग पोटाच्या तक्रारीही वाढतात. लवासाला सहलीसाठी आलेला नोकरदार असो की शेजारच्या दासवे-मुगावचा शेतकरी, जुलाब लागताच दोघांनाही एकच उपाय सुचतो : दुकानातून मेट्रोनिडाझोलच्या चार गोळ्या आणाव्यात, दोन घ्याव्यात आणि उरलेल्या पुढच्या खेपेसाठी ठेवाव्यात. हा व्यवहार वरवर काटकसरीचा दिसतो. वस्तुतः तो फार महाग पडणारा आहे.

औषधाच्या थोरवीविषयी वाद नाही. फ्रान्समधील संशोधनातून सिद्ध झालेले हे औषध १९६०च्या सुमारास वापरात आले. प्रारंभी ते परोपजीवी आदिजीवांवरच चालते अशी समजूत होती. १९६२ साली, दुसऱ्या विकारासाठी ते घेणाऱ्या एका रुग्णाचा हिरड्यांचा दाहही बरा झाल्याचे आढळले आणि प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंवरही ते गुणकारी असल्याचे ध्यानात आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अत्यावश्यक औषधांच्या पहिल्याच यादीत त्याला स्थान मिळाले.

परंतु प्रत्येक जुलाब अमीबामुळे होतो, हे गृहीतच चुकीचे आहे. लवासा ज्या वरसगाव जलाशयाकाठी वसले आहे, त्याचे पाणी पुढे खडकवासल्यास जाते. त्याच खडकवासल्याच्या खालच्या अंगास, सिंहगड रस्ता परिसरात, २०२५च्या जानेवारीत गियाँ-बारे या मज्जाविकाराची साथ उद्भवली. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. अनेकांना आधी जुलाब झाले होते. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस सापडला. मेट्रोनिडाझोल हा यांपैकी एकावरही इलाज नव्हे. अशा वेळी स्वतःच्या मनाने गोळी घेणारा मनुष्य उपचार करीत नसतो. तो केवळ निदान लांबवीत असतो.

जुलाबात पहिली गरज असते ती शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढण्याची. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व पाणी यांच्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. त्यासाठी चिठ्ठी लागत नाही. मात्र शौचातून रक्त जाणे, ताप येणे, लघवी कमी होणे किंवा हातापायांतील बळ जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब डॉक्टर गाठावा.

डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिल्यास सांगितलेली मात्रा व मुदत पाळलीच पाहिजे. अमीबाच्या विकारात आतड्यात दडलेले कोष नष्ट करण्यासाठी पुष्कळदा दुसरे औषधही लागते; म्हणून बरे वाटले की उपचार संपला, असे मानू नये. तोंडास धातूची चव येणे, मळमळणे व लघवीचा रंग गडद होणे हे परिणाम दिसू शकतात. उपचार चालू असताना व त्यानंतरचे तीन दिवस मद्य वर्ज्य समजावे. सहलीस जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन घेणाऱ्यांस रक्तस्रावाचा धोका संभवतो. गर्भवती स्त्रियांनी व यकृताच्या रुग्णांनी तसे आधीच सांगावे. हातापायांना मुंग्या येऊ लागल्यास डॉक्टरांस त्वरित कळवावे.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. गोळीवर छापलेली किंमत ही तिची पूर्ण किंमत नव्हे. अनावश्यक वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि त्याचा भुर्दंड घेणाऱ्यावरच नव्हे, तर पुढच्या रुग्णावरही पडतो. जठरव्रणास कारणीभूत होणारा हेलिकोबॅक्टर हा जिवाणू भारतात आजच मोठ्या प्रमाणावर या औषधाला जुमानत नाही. गायरान प्रत्येकाने मनसोक्त चारले तर अखेरीस कोणाच्याच गुरांस गवत उरत नाही. प्रतिजैविकांचेही तसेच आहे.

कायद्याने हे औषध 'एच' अनुसूचीत घातले असून चिठ्ठीवाचून ते विकण्यास मनाई आहे. तो नियम दुकानदाराने पाळावा, हे योग्यच. परंतु ज्याला डॉक्टरकडे जायचे तर तालुक्यापर्यंतचे भाडे आणि दिवसाची मजुरी सोडावी लागते, त्याला कायद्याचा बडगा दाखवून भागणार नाही. त्याच्या दृष्टीने दोन गोळ्यांचा हिशेब बिनचूकच असतो. तो हिशेब बदलायचा तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर हवा आणि गावच्या पाण्यात वेळच्या वेळी क्लोरीन पडावयास हवे. शुद्ध पाण्यावरील खर्च ज्या शासनाला परवडत नाही, त्याच्या प्रजेला औषधांवरील खर्च कधीच चुकत नाही.