बॉल जिवंत आहे का?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भालकी-औरादकडे टेनिस बॉलच्या मॅच जोरात असतात. मराठी, कन्नड, दखनी, तिन्ही भाषांत एका गोष्टीवरून हमखास भांडण होतं. बॉलरने बॉल टाकायच्या आत नॉन-स्ट्रायकरचे स्टंप उडवले. एक बाजू ‘आउट’ म्हणते, दुसरी ‘चीटिंग’.

नियम सरळ आहे. बॉलरने रनअप सुरू केला की बॉल ‘डेड’ राहत नाही, जिवंत होतो. जिवंत बॉलवर रनआउट होऊ शकतो. बॉलर एरवी ज्या क्षणी बॉल सोडतो, तोपर्यंत नॉन-स्ट्रायकरने क्रीझ सोडायची नाही.

१९४७ साली सिडनी कसोटीत विनू मांकड यांनी बिल ब्राउनला असंच बाद केलं. त्याच दौऱ्यात आधीही एकदा केलं होतं. विरोधी कप्तान ब्रॅडमन यांनी पुढे आत्मचरित्रात मांकडांचीच बाजू घेतली. तरी ‘मांकडिंग’ हा शब्द शिवीसारखा रूढ झाला. २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला बाद केलं, तेव्हाही तोच गदारोळ. आधीच ठरल्याप्रमाणे १ ऑक्टोबरपासून एमसीसीने हा नियम ‘अनफेअर प्ले’मधून काढून साध्या रनआउटच्या कलमात नेला.

अमेरिकेत वाढणारा माझा पुतण्या बेसबॉल खेळतो. तिथे उलटं आहे. रनरला बेस सोडून पुढचा बेस चोरायची मुभा आहे, म्हणून बंधन पिचरवर. पट्टीवर पाय ठेवून बॅटरकडे टाकायची हालचाल सुरू केली आणि मध्येच थांबला, तर तो ‘बॉक’. बेसवरचे सगळे रनर एकेक बेस पुढे सरकतात. क्रिकेट म्हणतं, रनरने घाई करू नये. बेसबॉल म्हणतं, पिचरने हूल देऊ नये. दोन्हीकडे उद्देश एकच, कुणी फुकटचा फायदा घेऊ नये.

आपल्या मैदानावर पंच बहुधा कुणाचा तरी काका असतो. बारा वर्षांच्या पोराला चारचौघांत ‘चीटर’ म्हटलं, की ते पुढच्या सुट्टीत मैदानावर येत नाही. म्हणून टॉसच्या आधीच दोन्ही कप्तानांनी ठरवावं: असा आउट धरायचा का, आधी एक वॉर्निंग द्यायची का. आणि ते तिन्ही भाषांत मोठ्याने सांगावं.