वस्तादाची नजर

बळ सर्वांनाच हवेसे वाटते. परंतु ते वाढते कसे, याचा विचार फार थोडे लोक करतात. जळगाव आणि धुळे या खानदेशातील शहरांत आज दोन प्रकारच्या व्यायामशाळा पाहावयास मिळतात. एक जुन्या वळणाची तालीम. तेथे मारुतीची तसबीर, तांबड्या मातीचा हौदा आणि भिंतीशी उभ्या केलेल्या लाकडी जोड्या असतात. दुसरी नव्या वळणाची जिम. तेथे लोखंडी वजने, तऱ्हेतऱ्हेची यंत्रे आणि भिंतभर आरसे असतात. तालमीचे अभिमानी म्हणतात, अंगाला माती लागल्यावाचून खरा जोर येत नाही. जिमचे चाहते म्हणतात, मातीचे दिवस संपले. हा वाद ऐकावयास मोठा रंजक वाटतो. पण मूळ प्रश्न त्यात बाजूलाच राहतो. माती असो वा लोखंड, शिकणाऱ्यावर लक्ष ठेवणारा जाणता शिक्षक तेथे आहे की नाही, हे आधी विचारावयास हवे.

असे म्हणण्यास कारण आहे. स्नायूवर नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडला, की त्याच्या तंतूंवर ताण येतो. पुढे विश्रांतीच्या आणि झोपेच्या वेळी शरीर ती झीज भरून काढते व स्नायू पूर्वीहून किंचित सबळ होतो. म्हणजे बळाची पेरणी व्यायामात होते, तर त्याचे पीक विश्रांतीत हाती येते. शिवाय स्नायू जितक्या लवकर बळावतात, तितक्या लवकर त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा बळकट होत नाहीत. उतावळ्या मुलाला वाटते, काल उचलले त्याच्या दुप्पट आज उचलावे. त्याचे मन तयार असते, पण कंडरा तयार नसतात. मग खांदा दुखावतो, कंबर धरते आणि महिनाभराच्या मेहनतीवर पाणी पडते.

प्राचीन ग्रीक लोकांत क्रोटोन नगरीच्या मिलो नावाच्या मल्लाची एक दंतकथा प्रसिद्ध होती. तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरू दिवसेंदिवस वाढत गेले, तसतसे मिलोचे बळही वाढत गेले. आणि अखेर पूर्ण वाढ झालेला बैल त्याने खांद्यावर वाहून नेला. कथेत अतिशयोक्ती आहे, हे उघडच आहे. पण बळ चढत्या पायरीने मिळते, हे तिचे सार मात्र खरे आहे.

ही पायरी केव्हा चढावी आणि केव्हा थांबावे, हे शिकणाऱ्याला स्वतःचे स्वतःला कळत नाही. तेथे वस्ताद लागतो. चांगला वस्ताद सर्वांना एकच माप लावीत नाही. कोणाच्या बैठका शंभरावर न्यावयाच्या, कोणाच्या हाती जड जोडी द्यावयाची, कोणाचे गुडघे अजून कच्चे आहेत, हे तो पाहताक्षणी ओळखतो. रात्री जागरण झालेला मुलगा त्याच्या नजरेतून सुटत नाही. ‘आज पुरे’ हे त्याचे दोन शब्द उत्साही मुलाला कडू वाटतात. तथापि त्याच शब्दांनी कितीतरी खांदे आणि गुडघे वाचलेले असतात. नव्या काळातील बलसंवर्धनाचे प्रशिक्षकही हेच काम करतात. किती वजन, किती आवर्तने, किती विश्रांती, यांची ते वहीत नोंद ठेवतात, एवढाच फरक.

अशा नजरेचे मोल मीराबाई चानू यांच्या उदाहरणावरून कळते. मणिपूरच्या या वेटलिफ्टर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिक स्पर्धेत उतरल्या, तेव्हा ‘क्लीन अँड जर्क’ या प्रकारातील त्यांचे तिन्ही प्रयत्न फसले. पुढे त्यांना खांद्याच्या दुखण्याने सतावले. २०२० साली त्या अमेरिकेत अ‍ॅरन हॉर्शिग या तज्ज्ञांकडे गेल्या. त्यांनी मीराबाईंच्या खांद्यातील असमतोल ओळखला आणि तो दूर होईल असे व्यायाम त्यांच्याकडून करून घेतले. २०२१ साली टोकियो येथे मीराबाईंनी ८७ आणि ११५ असे एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक पटकावले. जिद्द आणि कष्ट त्यांचेच होते. पण कष्ट कोठे कमी पडतात, हे दाखविणारी नजरही त्यांना लाभली होती.

खानदेशच्या मातीतही गुणांचा तुटवडा नाही. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून होत आली आहे. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे मानाची गदा जिंकली. पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. मात्र कुस्तीच्या शिक्षणासाठी त्यांना पुण्याची वाट धरावी लागली. ज्याला हे साधते, तो पुढे जातो; पण ज्याच्या घरी तेवढी ऐपत नाही, त्या मुलाचे काय? म्हणून गावोगाव यंत्रे आणण्याआधी चांगले शिक्षक तयार करणे अधिक अगत्याचे आहे. यंत्रावर धूळ बसते. जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली मात्र पिढ्या घडतात.

यावर कोणी म्हणेल, “आता मोबाइलवर सर्व व्यायाम पाहावयास मिळतात, मग शिक्षक कशाला?” त्या चित्रफिती पाहून माहिती मिळते, हे खरे. परंतु आपण पडद्याकडे पाहतो, पडदा आपल्याकडे पाहत नाही. पाठ वाकली, श्वास अडला किंवा पाऊल वाकडे पडले, तर तो ‘थांब’ म्हणत नाही.

दुसरा आक्षेप मुलांच्या वयाविषयी घेतला जातो. लहानपणी जोर काढले की उंची खुंटते, अशी समजूत अद्याप घरोघरी आढळते. तीत तथ्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२० साली सांगितले आहे, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनत करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. धोका व्यायामात नसून देखरेखीवाचून केलेल्या अतिरेकात आहे. मुलींनाही हे सर्व तितकेच लागू आहे. २०२३ साली सांगली येथे महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिल्या मानकरी ठरल्या. यास्तव तालमीचे दार मुलींना बंद ठेवण्यास आता काहीच सबब उरलेली नाही.

आरंभासाठी फार पैसाही लागत नाही. सूर्यनमस्कार, जोर, बैठका आणि दोरीवरच्या उड्या यांना अंगणाएवढी जागा पुरते. शाळेतील व्यायामशिक्षक त्यांची रीत दाखवू शकतात. वैशाखात जळगावचा पारा ४४ अंशांच्याही वर जातो, तेव्हा व्यायाम पहाटेच उरकावा आणि पाणी भरपूर प्यावे. पौष्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीच्या महागड्या डब्यांचा मोह धरू नये. ज्वारी आणि उडीद यांची कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध आणि जळगावची केळी एवढा आहार वाढत्या वयाच्या मुलाला उत्तम बळ देतो.

चांगल्या वस्तादाची खरी कसोटी शेवटी निराळीच आहे. शिष्याने जन्मभर आपल्याच आधाराने चालावे, असे त्याला वाटत नसते. आपली नजर हळूहळू शिष्याच्या ठायी उतरावी, हीच त्याची इच्छा असते. ज्याला आपल्या शरीराची हाक ऐकू येते, जो कंटाळ्याच्या दिवशी उठून व्यायामाला उभा राहतो आणि उत्साहाच्या भरातही वेळीच थांबतो, त्याला बळाची विद्या साधली असे समजावे.